तुम्ही विचारलंत म्हणून: मेंढीला दुखत नाही का?

मी वाशीमकडच्या धनगराची मुलगी, एवढं कळलं की प्रश्न ठरलेला: लोकर कातरताना मेंढीला दुखत नाही का? मागोमाग फोनवर ऑस्ट्रेलियातला तो व्हिडिओ येतो, शेपटीखालची कातडीच कापून काढतात तो.

तो प्रकार मेरिनो जातीच्या मेंढीचा. तिच्या कातडीला घड्या, त्यात शेण-मूत अडकतं, माशी अंडी घालते, अळ्या जिवंत मांस खातात. म्हणून तिथली कातडीच काढतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये बंदी घातली, ऑस्ट्रेलियात अजून चालतं. आमच्या दख्खनी मेंढीला तशा घड्याच नसतात, तिच्या मागे अशी सुरी कोणी लावत नाही. हे मी मान ताठ करून सांगायचे. खोटं नाही ते. पण तुम्ही कातरण्याबद्दल विचारलं होतं.

एकदा मृगाच्या तोंडावर बाबांचा खांदा धरला, म्हणून कातरायला बाहेरचा माणूस लावला. पैसे नगावर. पाय बांधून मेंढी आडवी पाडली, कातर सरसर चालली आणि कासेशी येताच टोक सडावर बसलं. मेंढी ओरडली नाही. दुखलं तरी ती सहसा ओरडत नाही, म्हणूनच बघणाऱ्याला काही झालंसं वाटत नाही. नुसते मागचे पाय दोरीत ताणले गेले. आई ओरडली, "सड कापला ना बाप्पा!" तो म्हणाला, "होते काकू असं. अजून निम्मी रायली." हळद दाबली आणि पुढची ओढली.

पाऊस लागला तशा जखमेत अळ्या पडल्या. बाबा सीताफळाचा पाला ठेचून भरायचे, मी तिचं तोंड धरायचे. जखम भरली, पण सड बुजला. कोकरू त्याच बाजूला ढुसण्या देत राही. शेवटी त्याला शेळीखाली लावलं.

त्या माणसाला कसाई म्हणून मोकळं होता येत नाही. रोजावर असता तर त्याचा हात थांबला असता. ऑस्ट्रेलियातल्या शेडमध्येही कातरणाऱ्याला बहुतेक नगावरच पैसे मिळतात.

"मग कातरूच नका." भिजलेली लोकर अंगावर वाळत नाही, आत गोचीड माजते. कातरावीच लागते. आणि ही भरड लोकर विकून कातरणीची मजुरी निघत नाही. मेंढरं आम्ही खाटकासाठीच पाळतो. पूर्वी मी म्हणायचे, "लोकरीसाठी जीव तर घेत नाही ना!" ऐकणारा गप्प बसायचा. मला तेवढंच हवं असायचं.

नीट कातरली तर दुखत नाही. नीट कातरायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे लोकर देत नाही. बाबा म्हणतात, यंदा आपणच कातरू. खांदा अजून वर जात नाही त्यांचा. पावसाआधी सगळी व्हायची नाहीत.