सुटलेल्या कॅचची पुस्तकं

परवा मैत्रीण म्हणाली, ते बेसबॉलचं काय वाचत असतेस तू सारखं, मला पण एखादं दे ना, फक्त मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, मला तरी कुठे फार कळतं. ऑनसाइट होते तेव्हा टीव्हीवर बघून जे समजलं तेवढंच. खरं सांगायचं तर बघायला मला तो खेळ अजूनही रटाळ वाटतो (तिकडचे मित्र चिडतील, चिडू देत), पण पुस्तकं मात्र अशी आहेत की आपल्याकडे क्रिकेटवर असं कोणी का लिहीत नाही म्हणून जीव जळतो. तर ही पोस्ट तिच्यासाठी.

सुरुवात लॉरेन्स रिटरच्या 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स'पासून कर, 1966 चं आहे. रिटर इकॉनॉमिक्सचा प्रोफेसर, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवायचा. 1961 मध्ये टाय कॉब नावाचा जुना दिग्गज गेला, त्याच सुमाराला रिटरचे स्वतःचे वडील गेले, आणि याच्या डोक्यात आलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळलेले सगळे म्हातारे आता असेच एकेक करून जाणार, त्याआधी त्यांना गाठलं पाहिजे. मग हा बाबा टेपरेकॉर्डर घेऊन अमेरिकाभर हिंडला. पुस्तकात त्याचे प्रश्न दिसतच नाहीत, नुसते आजोबा बोलतायत आणि आपण ओट्यावर बसून ऐकतोय असं वाटतं.

त्यात एक फ्रेड स्नॉडग्रास आहे. 1912 च्या वर्ल्ड सिरीजची (म्हणजे सीझनच्या शेवटी चॅम्पियन ठरवणाऱ्या फायनलची) शेवटची मॅच, दहावी इनिंग (एरवी नऊच असतात), याची टीम न्यूयॉर्क जायंट्स एका रनने पुढे, आणि सेंटर फील्डला याच्याकडे एक सोपा, अगदी गल्लीतल्या पोरानेही घेतला असता असा कॅच आला आणि सुटला. पुढच्याच बॅटरचा त्याने जबरदस्त कॅच घेतला, ते कोणाच्या लक्षात नाही. नंतर त्याच इनिंगमध्ये एक सोपा बॉल त्याच्या टीममेट्सच्या मधोमध पडला, प्रत्येकाला वाटलं दुसरा घेईल, तेही कोणी काढत नाही. बॉस्टन जिंकलं आणि खापर फुटलं याच्या डोक्यावर. पुढे हा माणूस कॅलिफोर्नियात ऑक्सनार्ड नावाच्या गावाचा मेयर झाला, आणि 1974 मध्ये वारला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीच्या मथळ्यातच काय, तर 1912 चा कॅच सोडणारा. बासष्ट वर्षांनी! आणि पुस्तकात तो स्वतः हे सगळं इतकं शांतपणे सांगतो की आपल्यालाच कसंतरी होतं.

दुसरं डोरिस कर्न्स गुडविनचं 'वेट टिल नेक्स्ट इयर'. ही एरवी प्रेसिडेंट लोकांवर जाडजूड पुस्तकं लिहिणारी इतिहासकार, पण हे तिच्या लहानपणाचं. सहा वर्षांची असताना वडिलांनी स्कोअरबुक आणून दिलं आणि स्कोअर लिहायला शिकवला. बेसबॉलमध्ये प्रत्येक फील्डरला नंबर असतो, पिचर (आपला बोलर) 1, कॅचर (आपला कीपर) 2 असं करत राइट फील्ड 9, म्हणजे 6-4-3 लिहिलं की बॉल शॉर्टस्टॉपकडून (6, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) सेकंड बेसला (4), तिथून फर्स्टला (3) आणि दोन आउट, तीन आकड्यांत अख्खी हकीकत. ही पोर दुपारभर रेडिओ ऐकून सगळं लिहायची आणि वडील ऑफिसातून आले की त्यांना बॉल टू बॉल सांगायची. तिला कित्येक दिवस वाटायचं की आपण नाही सांगितलं तर बाबांना कळणारच नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळं छापून येतं हे त्यांनी तिला सांगितलंच नाही!

इथे मी पुस्तक मिटून जरा बसले. आमचे बाबा ट्रान्झिस्टरवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे स्कोअर लिहायचे आणि मी पेन्सिलीला टोक करून द्यायचे, असो.

गुडविनची टीम ब्रुकलिन डॉजर्स. 1941, 47, 49, 52, 53, दर वेळी वर्ल्ड सिरीजपर्यंत जायचं आणि न्यूयॉर्कच्याच यँकीज टीमकडून मार खाऊन यायचं, म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' हे तिथल्या लोकांचं घोषवाक्यच. 1955 ला एकदाचे जिंकले आणि 1957 चा सीझन संपल्यावर मालकाने टीम उचलून लॉस एंजेलिसला नेली. याच टीमवर रॉजर कानचं 'द बॉइज ऑफ समर' आहे, तो या खेळाडूंना पुढे वीसेक वर्षांनी शोधत जातो. सुंदर आहे, पण मूड बघून वाच.

हसायचं असेल तर जिम बाउटनचं 'बॉल फोर' (1970). एकेकाळचा यँकीजचा स्टार पिचर, हाताची वाट लागल्यावर 1969 मध्ये सिॲटल पायलट्स नावाच्या भंगार टीममध्ये नकलबॉल टाकत नोकरी टिकवायला बघतोय आणि गुपचूप डायरी लिहितोय. नकलबॉल म्हणजे बोटांच्या टोकांनी धरलेला, जवळपास न फिरणारा बॉल, तो कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. उत्तेजक गोळ्या, दारू, बायका, पगारासाठी घासाघीस, सगळं लिहून टाकलं त्याने, कमिशनरने (म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने) बोलावून झापलं आणि पुस्तक अर्थातच आणखी खपलं. ती टीम तर एका सीझननंतर मिलवॉकीला गेली.

'मनीबॉल' सगळ्यांना सिनेमामुळे माहीत असतं. वाच, आयटीवाल्यांना आवडतंच, कमी पैशांत आकडेवारी बघून खेळाडू निवडणाऱ्या ओकलंडच्या टीमने 2002 मध्ये सलग 20 मॅच जिंकल्या वगैरे.

इतिहासाचं एकच घ्यायचं तर रॉबर्ट पीटरसनचं 'ओन्ली द बॉल वॉज व्हाइट', तेही 1970 चंच. काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, घेत नसत तेव्हा त्यांच्या वेगळ्या लीग होत्या, त्यांची गोष्ट. जॉश गिब्सन वाचताना फार लागतं. प्रचंड ताकदीचा हिटर, 1947 च्या जानेवारीत वयाच्या पस्तिशीत गेला, आणि एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला, काळ्या खेळाडूंवरची मेजर लीगची ती बंदी मोडणारा पहिला. तीन महिने.

एलियट ॲसिनॉफच्या 'एट मेन आउट'बद्दल, म्हणजे 1919 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या शिकागो व्हाइट सॉक्स टीमच्या मॅच फिक्सिंगबद्दल, बरंच लिहायचं होतं. कोर्टाने सोडलेल्या खेळाडूंना दुसऱ्याच दिवशी कमिशनरने आयुष्यभरासाठी घरी बसवलं, वाचताना आपलं 2000 साल आठवतंच. मालक कंजूष म्हणून पोरं बिघडली हे त्यातलं म्हणणं मात्र नंतरच्या संशोधकांनी खोडलंय, त्या टीमचे पगार तेव्हाच्या मानाने चांगलेच होते. जास्त लिहीत नाही कारण पुस्तक समोर नाहीये. ज्याने नेलंय तो ही पोस्ट वाचतोय हे मला माहितीये. दोन वर्षं झाली रे.