ते आमेन

गुरुवारच्या प्रार्थनेत मावशींनी शेवटी म्हटलं, "प्रभू, त्यांना क्षमा कर," आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. सलाम करून, चहा पिऊन सगळे आपापल्या घरी गेले. मला मात्र तेव्हापासून तेच लागून राहिलंय.

विषय गावाकडच्या कब्रस्तानाचा होता. बांध कोरत कोरत शेजारच्या शेतवाल्याचा नांगर पार काकांच्या कबरीला येऊन टेकलाय. या खेपेला क्रूसच उपटून बाजूला टाकलेला सापडला. सातबाऱ्यावर नोंद नाही, म्हणून बोलायला जावं तर "कागद दाखवा" म्हणतात. पणज्यापासूनची माणसं तिथं मातीखाली आहेत, त्याचा कसला कागद दाखवायचा?

क्षमा करायची हे मला लहानपणापासून पाठ आहे. अडचण ती नाही. अडचण ही की तोपर्यंत त्या खोलीत कुणी रागाचा एक शब्दही काढला नव्हता. झालेलं वाईट होतं, हेसुद्धा कुणी नीट म्हटलं नव्हतं आणि आम्ही थेट क्षमेवर पोचलो होतो. आणि मग मला वाटायला लागलं की विश्वास कमी आहे तो माझाच. इतकी वर्षं मंडळीत काढून, रविवारची शाळा घेऊन, एवढं साधं आमेन मला म्हणता येऊ नये?

रात्री झोप येईना तेव्हा छत्तीसगडमधल्या बस्तरचं ते प्रकरण डोक्यात फिरत राहिलं. 7 जानेवारी 2025 ला एक वृद्ध ख्रिस्ती पाळक, म्हणजे पास्टर, वारले. गावात पुरू देईनात, स्वतःच्या शेतातही पुरू देईनात. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात. बाप शवागारात आणि लेक कोर्टाच्या पायरीवर. 27 जानेवारीला निकाल लागला, तोही दोन न्यायमूर्तींची दोन मतं असलेला. एकीनं खासगी शेतात पुरू द्या म्हटलं, दुसऱ्यानं नेमलेल्या कब्रस्तानातच न्या म्हटलं. प्रेत आणखी थांबवायला नको म्हणून शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती कब्रस्तानात, पोलीस बंदोबस्तात माती द्यायचं ठरलं. त्या मुलानं ते वीस दिवस प्रार्थनेत काय म्हटलं असेल? क्षमा कर, म्हटलं असेल? की नुसतं, प्रभू, माझ्या बापाला जागा दे?

पप्पांच्या मातीला आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. त्याबद्दल आभार मानावेत असं तेव्हा सुचलंही नाही.

आम्हाला काय काय ऐकावं लागतं ते उगाळत बसायचं नाही, असं मी ठरवलेलं असतं. दुष्काळात धान्यासाठी बाटलेले, तुम्ही लोक, तुमचं बरंय बाहेरून पैसा येतो. दहा ऑगस्ट जवळ आला की अनुसूचित जातीत कोण मोडतं ते ठरवणारा 1950 चा तो आदेश. शिखांना 1956 ला त्यात घेतलं, बौद्धांना 1990 ला, आम्ही अजून बाहेरच. धर्म बदलला की जात सुटते, असं कागद म्हणतो. गाव तसं कधीच म्हणालं नाही. असो. आज ते नको.

तर दुसरा गाल. कुणी काही केलं की आम्हाला पहिल्यांदा त्याचीच आठवण करून दिली जाते, आमचेच लोक करून देतात. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात हन्ना याजकापुढे शिपाई प्रभूला चपराक मारतो, तेव्हा प्रभू गप्प बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नसेन तर मला का मारतोस, असं विचारतो. शिवी नाही, हात उगारणं नाही, पण प्रश्न सरळ तोंडावर. दुसरा गाल पुढे करा, हे शिकवणारा तोच आणि मारणाऱ्याला जाब विचारणाराही तोच. हे मी कितीदा वाचलं असेल, पण परवा रात्री तिथून पुढे जाताच येईना.

आणि स्तोत्रं. तेराव्यात दावीद "कोठवर?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. उपासनेसाठी ते कुणी निवडत नाही. तरी ते शास्त्रात ठेवलेलं आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. मग माझा राग तेवढा प्रार्थनेबाहेर का थांबवायचा?

ग्लॅडिस स्टेन्सबाईंचं मी कधीच विसरत नाही. जानेवारी 1999, ओडिशातलं मनोहरपूर, गाडीत झोपलेला नवरा आणि दहा नि सहा वर्षांची दोन लेकरं जाळली. बाईंनी क्षमा केली, हे सगळे सांगतात. पण त्यांनी घडलेलं झाकलं नाही, आणि माझी क्षमा वेगळी नि कायद्याचं काम वेगळं, हा फरक त्यांनी ठेवला. बारीपद्याचं कुष्ठरोग्यांचं काम सोडून त्या लगेच निघूनही गेल्या नाहीत. व्यासपीठावरून फक्त क्षमेचा तुकडा सांगतात, बाकीचं राहून जातं.

मला छळतंय ते मावशींचं. त्या काही गप्प बसणाऱ्या नव्हेत. क्षमा मागणारी बाई तीच आणि तहसील कचेरीत खेटे घालणारीही तीच. काकांच्या कबरीजवळची माती त्यांनी स्वतः हातानं परत सारली. लूकमधली ती विधवा न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही ना, अगदी तशा. मला एकच गोष्ट धड होत नाही आणि यांना दोन्ही कशा जमतात?

काल विचारलंच. म्हटलं, मावशी, तुम्हाला राग येत नाही का?

"येतो की. क्रूस उचलला तेव्हा तर मी मोठ्यानं ओरडले, पार वस्तीपर्यंत ऐकू गेलं असंल. अगं पोरी, राग घेऊन कचेरीत गेले तर मला बोलायचंच सुधरत नाही. म्हणून आधी तिकडं, प्रभूला सांगून मोकळी होते." मग पिशवीतून कोरे कागद काढले. "हात थरथरतो, तू लिही. चतुःसीमा नीट घाल."

अर्ज लिहिला. पूर्वेला त्या नांगरवाल्याचं नाव आलं. ते लिहिताना मला काही क्षमाबिमा वाटली नाही, खरंच नाही. पण अक्षर नेहमीसारखंच आलं, आणि दिवसभर जे छातीत दाटलं होतं ते जरा उतरलं. सध्या तेवढं चालेल असं वाटतं. माझी गाडी मावशींच्या मागून येतेय, येऊ दे.

येत्या गुरुवारी प्रार्थना आमच्याकडे आहे. वाचनाला प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय घेणार आहे. पौल नि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले, मध्यरात्री गाणी गातात, आणि आम्ही दर वेळी बंदिशाळेच्या नायकाच्या बाप्तिस्म्यापाशी थांबतो. या वेळी 37 व्या वचनापर्यंत जायचं. सकाळी निमूट सोडून देतो म्हणतात, तर पौल जात नाही. आम्हाला चौकशीशिवाय उघड मारलंत, आता गुपचूप काय घालवता, स्वतः येऊन बाहेर न्या, म्हणतो. आणि ते येतात. ते वचन मावशींनीच वाचायचं, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. चष्मा आणा, म्हटलं.