सहासष्ट पाठमोरी माणसं

मुंबईच्या गोदीतल्या स्फोटावर मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा माझ्या डोक्यात सगळ्यात आधी आली ती सोन्याची वीट. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं, त्याच्या पोटात सोनंही होतं. साडेबारा किलोंहून जड अशी एक वीट उडाली आणि मैलभर लांब एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती परत केली. मुलांच्या पुस्तकाला याहून चांगलं पान कुठलं मिळणार? मी ते बरोबर मध्यावर, अख्ख्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर ठेवलं.

चित्रपुस्तक ३२ पानांचं. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा जाता गोष्टीला उरतात तेरा-चौदा जोडपानं. एवढ्यात सगळं बसवायचं. महायुद्ध चालू होतं, जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं होतं, कराचीला त्यात कापसाच्या गाठी चढल्या आणि त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं होती. असा माल घेऊन येणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो, तो या जहाजावर नव्हता. दुपारी धूर दिसला, पण आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. एवढं एक मुलांना कळेल असं लिहायला मला पंधरा दिवस लागले. शेवटी दोन वाक्यं उरली : ‘घट्ट दाबलेली कापसाची गाठ भडकन पेटत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते.’ जहाजात ९०० टनांवर पाणी सोडलं गेलं, आणि ते पाणीच उकळायला लागलं.

संपादकांचा आग्रह होता की गोदीत डबा घेऊन आलेला एक मुलगा घालू, त्याच्या नजरेतून सांगू. मी नाही म्हटलं. असा मुलगा गोष्टीत चालतो. पण ज्या पुस्तकावर आपण ‘हे खरं घडलं’ असं छापतो, त्यात माणूस आपल्या पदरचा घालायचा नाही, त्याच्या तोंडी वाक्यं घालायची नाहीत. दहा वर्षांच्या वाचकाला खरं-खोटं तपासायची सोय नसते. तो आपण देऊ ते खरं धरून चालतो. यावर आमचे बरेच वाद झाले आणि शेवटी त्यांनी माझं ऐकलं.

दुसरा वाद ४ वाजून ६ मिनिटांचा, म्हणजे पहिल्या स्फोटाचा. आमच्या चित्रकार मैत्रिणीने आधी लाल-पिवळ्या ज्वाळांचं पान काढलं. पान सुंदर होतं, आणि मला तेच खुपत होतं. मग तिला मी सांगितलं की त्या हादऱ्याची नोंद सुमारे १४०० किलोमीटरवर सिमल्याला झाली होती. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने जोडपान पाठवलं : सगळा कागद पांढरा, मधून एक काळी रेघ. डावीकडे सरळ, उजवीकडे वेडीवाकडी. खाली एकच शब्द, ‘सिमला’. पुस्तकातलं ते पान आजही माझं सगळ्यात लाडकं आहे.

अशी कच्ची प्रत घेऊन मी एका शाळेत चौथीच्या वर्गावर गेले. छापायला देण्याआधी मी प्रत्येक पुस्तक असं मुलांत वाचून बघते. वर्गात ३९ मुलं होती. रेघेचं पान उघडलं तेव्हा मागच्या बाकापर्यंत चिडीचूप. सोन्याच्या विटेचं पान आलं आणि वर्ग उसळला. वीट केवढी होती? वजन किती? अजून सापडतात का? मी सांगितलं की २०११मध्येसुद्धा गोदीतला गाळ काढताना सोनं सापडलं होतं, मग तर विचारू नका. दोन मुलं सुट्टीत गोदीत जायचा बेत तिथेच ठरवायला लागली. मला फार बरं वाटत होतं. पुस्तक जमलंय, असं मनात येऊन गेलं.

पुढचं पान बंबवाल्यांचं. चित्रात धक्क्यावर पाइप धरून उभी असलेली माणसं होती आणि खाली माझं वाक्य : ‘या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले.’

‘मृत्युमुखी म्हणजे?’ एकाने विचारलं. दुसऱ्यानेच परस्पर उत्तर दिलं, ‘अरे, मेले.’ मी पुढचं पान उलटायला गेले, तर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली. तिने पानावर हात ठेवला आणि बोटाने एकेक माणूस मोजायला लागली. ओठ हलत होते. सगळा वर्ग थांबला. शेवटच्या माणसावर बोट थांबलं तसं तिने वर बघितलं.

‘ताई, हे ११च आहेत. बाकीचे कुठे आहेत?’

मी म्हटलं, ‘चित्रात सगळे मावत नाहीत ना.’

तिने मागे दोन पानं उलटली. विटेचं पान काढलं. ‘हे तर एवढं मोठं आहे,’ म्हणाली, आणि जाऊन जागेवर बसली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने नुसतं माप दाखवलं होतं. एका विटेला दोन पानं, ६६ माणसांना अर्धं. त्यातली ५५ तर कुठेच नाहीत.

वर्गातून निघाले ती तडक चित्रकाराकडे गेले. तिला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ कच्ची प्रत पुढे घेऊन बसली. मग म्हणाली, ‘६६ काढते. पण चेहरे कुठून आणू? तूच म्हणतेस ना, पदरचं घालायचं नाही.’ मला तोंडच उघडता येईना. ज्या नियमासाठी मी संपादकांशी भांडले होते, तोच आता आडवा आला होता. एकेकाला मनाने नाक-डोळे देणं म्हणजे ६६ खोटी माणसं उभी करणं, आणि सगळे सारखे काढावेत तर तो पुन्हा नुसता आकडाच.

तोडगा तिनेच काढला : सगळे पाठमोरे. तोंडं जहाजाकडे. त्या काळच्या छायाचित्रांत गणवेश दिसतो, शिरस्त्राण दिसतं, पाइपला किती माणसं लागायची ते दिसतं. तेवढं खरं घ्यायचं. बाकी फरक शरीराच्या ठेवणीत. एकाचा खांदा झुकलेला, एक गुडघा टेकून, एकाचा पाय पाइपच्या वेटोळ्यात. वाचणारं मूल त्यांच्या मागे उभं राहणार, त्यांना दिसत होतं तेच त्याला दिसणार.

यासाठी जोडपान हवं होतं. ते कुठून आणायचं यावर फारसं बोलावंच लागलं नाही. वीट पुढच्या पानाच्या कोपऱ्यात गेली, तळहाताएवढी. संपादक हळहळले. पुस्तक दुकानात चाळून बघणारे विटेवरच थांबतील, हे त्यांचं म्हणणं मला पटतही होतं. तरी पान हललं नाही.

वाक्यही बदललं. ‘मृत्युमुखी पडले’ ही वर्तमानपत्राची भाषा, मुलांना परकी. ‘देवाघरी गेले’ मी कधीच लिहिणार नव्हते. ‘मेले’ त्या मुलाच्या तोंडी शोभलं, पण छापल्यावर रुक्ष वाटत होतं. शेवटी ‘मरण पावले’ ठेवलं, आणि त्याच्या आधी एक वाक्य : ‘जहाज सोडून निघा, असा हुकूम ३ वाजून ५० मिनिटांनी सुटला. जहाज फुटलं ते १६ मिनिटांनी.’ दुसरा स्फोट, बुडालेली जहाजं, बेघर झालेली हजारो माणसं, ही बातमी महिनाभर दडपून ठेवणारी युद्धकाळातली सेन्सॉरशिप, हे सगळं नंतरच्या पानांवर आहेच. शेवटच्या पानावर भायखळ्याच्या मुख्यालयातलं स्मारक आहे आणि १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन का पाळतात, ते आहे.

पेन्सिलीतलं जोडपान एका संध्याकाळी माझ्याकडे आलं. मी दिवा लावला, टेबल रिकामं केलं आणि डाव्या बाजूने बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा ६५ भरले. दुसऱ्यांदाही ६५. तिला फोन केला तर म्हणाली, ‘पाइपच्या वेटोळ्यापाशी बघ, एक जण खाली वाकलाय, त्याची नुसती पाठ दिसते.’

होता. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.