किलोमीटर किती, वाहिनी कुठली? कोथरूड ते दादर, द्रुतगती मार्गाने

ऑगस्ट २०२५ मधला पहिला बुधवार. दादरला आत्याची पंचाहत्तरी होती आणि बाबांना घेऊन जायचं होतं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, निम्मी नोकरी पुणे-दादर मार्गावर झाली. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता, सगळा बोरघाट जुन्या रस्त्याने. मी मात्र गेली चार वर्षं कोथरूड ते हिंजवडी एवढीच गाडी चालवलेली. एक्सप्रेसवेवर स्टिअरिंग पहिल्यांदाच माझ्या हातात येणार होतं. एसटीची शिवनेरी बस हा सोपा पर्याय होता, पण बाबांचा गुडघा आणि आत्याच्या घरापर्यंतचं चालणं लक्षात घेऊन गाडीच काढली. माझ्यासारखं पहिल्यांदा निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दिवस निवडणं हीच अर्धी तयारी. शनिवारी सकाळी मुंबईकर लोणावळ्याकडे निघतात, त्यामुळे पुण्याकडे येणारी बाजू घाटात तुंबते. रविवारी संध्याकाळी उलटं, मुंबईकडे जाणारी बाजू. जोडून सुट्ट्या आल्या तर दोन्हीकडे हाल. आठवड्याचा मधला दिवस मिळत असेल तर तोच घ्या. आम्ही साडेपाचला घर सोडलं. चांदणी चौक, बाणेर, वाकड, रावेत, किवळे. खरा वेळ हाच पट्टा खातो. आठनंतर ताथवडे-पुनावळ्याला अडकलात तर एक्सप्रेसवेवर वाचवलेली वीस मिनिटं तिथेच जातात.

किवळ्याला रस्ता सुरू होतो. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी, पायी चालणारे यांना मनाई असल्याचा फलक तिथे आहे. इथून पनवेलजवळच्या कळंबोलीपर्यंत साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला, २००२ मध्ये पूर्ण सुरू झालेला, सहापदरी काँक्रीटचा रस्ता. किलोमीटरचे दगड कळंबोलीकडून मोजलेले आहेत, म्हणून पुण्याहून निघालं की आकडे उतरत जातात. बाबा खिडकीशी बसून ते मोठ्याने वाचत होते. "ब्याण्णव... एक्याण्णव..." त्यांची जुनी सवय. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

उर्सेच्या टोलनाक्यावर पहिला धक्का. पुढची गाडी गेली, मी पुढे सरकले, आणि दांडा वर होईना. पडद्यावर लाल अक्षरं. केबिनमधली मुलगी हातातलं यंत्र घेऊन बाहेर आली, काचेवरच्या टॅगजवळ धरलं आणि म्हणाली, "ताई, टॅग ब्लॅकलिस्ट दाखवतोय." खात्यात सातशे रुपये होते, मी तिला मोबाइलवर दाखवलेही. त्याचा उपयोग नव्हता. केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं, अपुरी म्हणून बँकेने टॅग बंद केला होता आणि तसा मेसेज माझ्या जुन्या, बंद केलेल्या नंबरवर गेला होता. मागे हॉर्न सुरू झाले. दुप्पट टोल भरला आणि निघालो.

हे का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. फास्टॅग म्हणजे आतून काचेला चिकटवलेली एक चिप. तिच्यात पैसे नसतात, फक्त ओळख असते. वरचा अँटेना ती ओळख वाचतो आणि नाक्याची यंत्रणा आपल्याकडच्या यादीत पाहते: हा टॅग चालू की बंद? व्यवहार मागाहून बँकेकडे जातो. म्हणजे तुमच्या खात्यात त्या क्षणी किती रुपये आहेत हे नाका विचारतच नाही, तो यादी पाहतो. आणि ती यादी काही क्षणोक्षणी बदलत नाही. रांगेत उभं राहून घाईघाईने रिचार्ज करणाऱ्यांचा टॅग तरीही चालत नाही, तो यामुळेच. म्हणून आदल्या रात्री नुसती शिल्लक पाहू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅगची स्थिती पाहा. मोबाइल नंबर बदलला असेल तर तो बँकेकडेही बदला. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाचा टॅग काढून स्वतःच्या नावाचा लावा. १ एप्रिल २०२५ पासून महामंडळाच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे, टॅग नसला किंवा चालत नसला तर दुप्पट.

दर काय? आम्ही गेलो तेव्हा कारला एका बाजूच्या पूर्ण प्रवासाचे ३२० रुपये, १ एप्रिल २०२३ पासून. त्याआधी २७० होते. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ, असं सूत्र मुळातच ठरलेलं होतं. २००४ मध्ये महामंडळाने ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन पंधरा वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क एका खासगी कंपनीला दिला, पुढे २०२० मध्ये पुन्हा दहा वर्षांसाठी दिला. रस्त्याचा खर्च कधीच वसूल झाला, मग टोल का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. मला तो वाद योग्य वाटतो आणि हिशोब लोकांपुढे यायलाच हवा. पण एवढे पैसे भरतोच आहोत तर त्या बदल्यात काय काय मिळतं आणि ते कसं मागायचं, हेही माहीत असायला हवं. मला ते परतताना कळलं.

अजून एक. १५ ऑगस्ट २०२५ ला तीन हजार रुपयांचा वर्षाचा फास्टॅग पास सुरू झाला, दोनशे फेऱ्यांचा. तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. आपला द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथे तो चालत नाही. पास काढून पुणे-मुंबई फुकट होईल असं समजून बसू नका.

कामशेतचे बोगदे येईपर्यंत मी मधल्या लेनमध्ये स्थिरावले होते. सगळ्यात डावी लेन जड वाहनांची, मधली आपली, उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. उजवीकडे गेलात तर काम झाल्यावर परत या. कारला सपाटीवर ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. जुलै २०२४ पासून रस्त्यावर वाहतूक नियंत्रणाचे कॅमेरे सुरू आहेत. वेग, सीटबेल्ट, मोबाइल, लेन, सगळं टिपलं जातं. मागे बसणाऱ्यांचा पट्टाही त्यात आला. बाबांनी आधी कुरकुर केली, पण मी गाडी सुरूच केली नाही, मग लावला. कॅमेरा दिसला की ब्रेक मारणारे पुष्कळ, त्यांच्या मागे चिकटून जाऊ नका.

आता घाट. खंडाळ्यापासून खोपोलीच्या एक्झिटपर्यंत जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकच होतात. सहा आणि चार अशा दहा पदरांची वाहनं सहा पदरांत कोंबली जातात, बोरघाटातल्या कोंडीचं मूळ हे. त्यासाठीच खोपोली ते कुसगाव असा सुमारे तेरा किलोमीटरचा नवा जोडरस्ता, म्हणजे 'मिसिंग लिंक', जवळजवळ नऊ किलोमीटरच्या बोगद्यासह. आम्ही गेलो तेव्हा त्याचं काम चालू होतं. तुम्ही जाल तेव्हा कुसगावजवळचे फलक नीट वाचून लेन आधीच धरा.

त्या दिवशी खंडाळ्याला धुकं होतं, पाऊस बारीक. पुढच्या निम्म्या गाड्यांनी चारही इंडिकेटर लावलेले. कृपा करून असं करू नका. गाडी उभी आहे की चालते आहे, वळते आहे की नाही, मागच्याला काहीच कळत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा, पुरतो.

उतार लागताच बाबा म्हणाले, "पोरी, आता पाय ब्रेकवरून काढ आणि गिअर खाली घे. इंजिनाला गाडी धरू दे." मी तिसऱ्यात आणली. इंजिनाचा आवाज वाढला, गाडी पन्नासच्या आसपास आपसूक राहिली. सतत ब्रेक दाबत उतरलं की ते तापतात आणि नेमके गरजेला धरत नाहीत. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकांचं असंच होतं. आमच्या आधी अकराच दिवस, २६ जुलैला, याच उतारावर एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि त्याने वीसेक गाड्यांना धडक दिली. एका बाईंचा जीव गेला. मी आरशात मागच्या ट्रकांवर सारखी नजर ठेवून होते. पुढे-मागे दोन जड वाहनं आणि मध्ये आपण, अशी जागा लगेच सोडा. आडोशी बोगद्याजवळ तर थांबूच नका. २०१५ आणि २०२३ च्या जुलैमध्ये तिथे दरड कोसळली आहे.

अमृतांजन पूल होता ती जागा आली तेव्हा बाबा गप्प झाले. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये तो पाडला. मग त्यांनी जुन्या रस्त्याच्या दिशेला हात जोडले. शिंग्रोबाचं देऊळ तिकडे आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, आणि एसटीचा प्रत्येक ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जायचा. "माझा तोच टोल," ते म्हणाले. "आठ आणे. पण कधी चुकवला नाही."

खोपोलीच्या पुढे सरळ रस्ता, माडप आणि भाताणचे बोगदे, कळंबोली. बोगद्यात शिरताना गॉगल काढा, लेन बदलू नका, एवढंच. दादरला आम्ही वाशीमार्गे गेलो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारला टोल नाही. शिवडीकडे लवकर पोचायचं असेल तर अटल सेतू, त्याचे एका बाजूचे तेव्हा २५० रुपये वेगळे होते. किवळे ते कळंबोली, उर्सेचा गोंधळ धरूनसुद्धा, पावणेदोन तास लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. केवायसी रात्रीच पूर्ण केली होती, दांडा क्षणात वर गेला. खालापूरच्या फूड मॉलवर चहा घेतला. तिथे तुमचं पोट फारसं रिकामं नसलं तरी थांबा, कारण पुढे घाट आहे आणि घाटात थांबायची सोय नाही.

लोणावळा मागे पडलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली, खालून थडथड आवाज. मागचं डावं टायर. इंडिकेटर देत हळूहळू बाजूच्या पट्टीवर घेतली. मी दार उघडून मागे जाणार तोच बाबांनी हात धरला. "रस्त्याच्या बाजूने उतरू नकोस." आम्ही दोघे डाव्या दाराने उतरलो आणि लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. थांबलेल्या गाडीत बसून राहणं किंवा तिच्या मागे उभं राहणं, दोन्ही जिवावर बेततं. डुलकी लागलेला ट्रकवाला बाजूच्या पट्टीवरच येतो.

फलकावरच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न, "किलोमीटर किती, वाहिनी कुठली?" मी म्हटलं, लोणावळ्याच्या थोडं पुढे, उजवीकडे डोंगर आहे. माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्याने गाडी सापडत नाही." बाबांनी मागून आवाज दिला, "पुणे वाहिनी, किलोमीटर चौसष्ट, पुढचे दोनशे मीटर." त्यांनी वाटेतला शेवटचा दगड वाचून ठेवला होता. मुंबईकडे जाणारी ती मुंबई वाहिनी, पुण्याकडे येणारी ती पुणे वाहिनी. एवढं सांगता आलं की गस्तीची गाडी, क्रेन, अ‍ॅम्ब्युलन्स योग्य बाजूने निघते. चुकीची बाजू सांगितलीत तर त्यांना पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं, मध्ये दुभाजक तोडून येता येत नाही. आजूबाजूला बसलेल्यांपैकी एकाने तरी दगड वाचत राहावं. आमच्याकडे आता हे काम ठरलेलं आहे.

वीस मिनिटांत गस्तीची गाडी आली. आधी त्यांनी बरंच मागे जाऊन शंकू मांडले, मग टायरला हात लावला. जॅक बसवताना त्यातला एकजण खाली वाकला आणि टायरच्या कडेवरचा चिखल अंगठ्याने पुसला. लंबगोलात चार आकडे होते: २३१८. "दोन हजार अठराचा तेविसावा आठवडा," तो म्हणाला. "नक्षी चांगली आहे, पण रबर सात वर्षांचं झालंय ताई." नक्षीच्या खाचांत बारीक भेगा होत्या, नखाने कळतील एवढ्या. मी निघण्याआधी हवा तपासली होती, ही तारीख कधी पाहिलीच नव्हती. शहरात चाळीसने पळणारं टायर काँक्रीटवर तास-दीड तास शंभरने पळालं की तापतं, आणि जुनं रबर तिथेच हार मानतं. तुमच्या गाडीचे ते चार आकडे आजच बघा, स्टेपनीचेही. आमच्या स्टेपनीत हवा होती, हे नशीब.

चाक बदलून झाल्यावर त्यांनी वहीत किलोमीटर, वाहिनी आणि वेळ लिहून माझी सही घेतली. बाबांनी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. मग त्यातल्या मोठ्याने सांगितलं, "लगेच लेनमध्ये घुसू नका. पट्टीवरच वेग घ्या, आरशात मोकळं दिसलं की मग आत या." तसंच केलं. तो मागे शंकू उचलत होता, आणि बाबांनी पुढचा दगड वाचला. "पासष्ट."