केस ब्रीफ वापरा, पण लालमन शुक्लाचा मूळ निकाल आधी वाचा

परीक्षा जवळ आली की एलएलबी फर्स्ट इयरची मुलं हमखास विचारतात, तयार केस ब्रीफवर, म्हणजे निकालाच्या छोट्या सारांशावर, भागेल का की सगळे निकाल मुळातून वाचायचे. माझं मत सरळ आहे, ब्रीफ जरूर वापरा पण निकाल छोटा असेल तर आधी निकाल, मग ब्रीफ.

काँट्रॅक्टमधली लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त घ्या, 1913 ची, अलाहाबाद हायकोर्टाची. बहुतेक गाइडमध्ये तिचं सार एका ओळीत असतं: बक्षिसाची ऑफर माहीतच नव्हती म्हणून मुनीम हरला. आता मूळ निकाल काढा, अगदी थोडक्यात आहे. मालक गौरी दत्तच्या नात्यातला मुलगा घरातून निघून गेला, मालकाने मुनीम लालमनला भाड्याचे पैसे देऊन कानपूरहून हरिद्वारला शोधायला पाठवलं आणि तो गेल्यावर मागून 501 रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं काढली. मुलगा ऋषिकेशला सापडला. पण त्यातली काही पत्रकं लालमनला हरिद्वारला पाठवली होती हेही निकालातच आहे! मग 'माहीत नव्हतं' एवढ्यावर केस संपेल कशी? न्यायमूर्ती बॅनर्जींचा भर वेगळ्याच गोष्टीवर आहे. मुलगा शोधणं हे मुनिमाचं नेहमीचं काम नव्हतं हे ते मान्य करतात, पण जायला तयार झाला तेव्हाच ती जबाबदारी त्याच्यावर आली आणि बक्षीस जाहीर झालं नंतर, म्हणून ते मागता येत नाही.

आता पेपरात असा प्रॉब्लेम आला की आधीच शोधायला पाठवलेल्या नोकराने पत्रक वाचलं, मग मुलगा शोधला, तर? ती एक ओळ पाठ केलेला लिहिणार 'बक्षीस मिळेल', कोर्टाचं कारण वाचलेला लिहिणार 'नाही मिळणार', आणि का ते पण सांगणार. शिवाय लालमनने लगेच दावा केलाच नव्हता, सहाएक महिन्यांनी नोकरी गेल्यावर कोर्टात गेला, हे वाचलं की तो माणूस डोळ्यासमोर येतो आणि केस विसरत नाही.

केशवानंद भारतीची, म्हणजे राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीवरच्या सुप्रीम कोर्टाच्या केसची, गोष्ट वेगळी. 1973, 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6, निकाल शेकडो पानांचा, तो परीक्षेआधी सगळा वाचा असं मी कुणालाच सांगणार नाही. तिथे ब्रीफ लागतंच, कोण कुठल्या बाजूला हे आधी त्यातून समजून घ्या आणि मग निदान न्यायमूर्ती खन्नांचा भाग उघडा, कारण पारडं फिरलं ते त्यांच्या मतामुळे.

स्वतःचं ब्रीफ लिहिताना फॅक्ट्स आणि इश्यू (कोर्टापुढचा प्रश्न) पटापट उरका, सगळा वेळ 'कोर्टाने असं का ठरवलं' याला द्या आणि ते, निकाल बंद करून, स्वतःच्या शब्दात लिहा, बाजूला परिच्छेदाचा नंबर टाका. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच वेबसाइटवर फुकट मिळतात, काहींचं मराठी भाषांतरही आहे, मराठीतून पेपर लिहिणाऱ्यांनी तिथे आधी शोधावं.