बेकरीतल्या बाईंचे तास

स्टुटगार्टमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे. काउंटरवरच्या बाईंनी साठी ओलांडली असावी. काल ब्रेत्सेल कागदी पिशवीत घालता घालता म्हणाल्या, "माझे या महिन्याचे तास संपले. आता एक तारखेनंतरच." महिना संपायला अजून आठ दिवस होते.

त्यांचा मिनीजॉब आहे, म्हणजे ठरावीक कमाईच्या आतलं छोटं काम. २०२६ पासून त्या कमाईची मर्यादा महिना ६०३ युरो, किमान वेतन ताशी १३.९० युरो. म्हणजे जेमतेम ४३ तास. त्यापुढे गेलं की पगारातून विम्याचे हप्ते कापले जातात, म्हणून मालक आणि बाई दोघंही रेषेच्या आत राहतात. या कामातून बेकारी भत्त्याचा हक्क मिळत नाही. पेन्शनचा हप्ता अर्ज करून टाळता येतो. बाईंनी तो वर्षानुवर्षं टाळला, आणि आता पेन्शन पुरत नाही म्हणून त्या इथे उभ्या आहेत.

२००५ च्या सुरुवातीला जर्मनीत बेकारांचा आकडा ५० लाखांवर गेला होता. चॅन्सेलर श्रोडर यांनी त्याआधीच मिनीजॉबची मर्यादा वाढवली होती, एजन्सीमार्फत माणसं घेणं सोपं केलं होतं. २००५ पासून दीर्घकाळ बेकार असलेल्यांचा भत्ताही छाटला. २०१९ पर्यंत बेकार २३ लाखांच्या आत आले. निर्यातीचा आणि कामगार संघटनांनी आवरत्या घेतलेल्या पगारवाढीचाही त्यात वाटा होता. पण तळाचे पगार मागे राहिले, आणि देशभराचं किमान वेतन यायला २०१५ उजाडलं, ८.५० युरो. लाखो नोकऱ्या जातील अशी भीती तेव्हा घातली गेली होती. तसं झालं नाही. तळाला आधार द्यायला दहा वर्षं लावली, याचा मला आजही राग येतो.

चाकणला मी होतो त्या कारखान्यात एकाच लाइनवर कायमचे आणि ठेकेदाराचे कामगार शेजारी शेजारी उभे असायचे. बोल्ट तोच, पगार निम्म्याहून कमी. इथे एजन्सीच्या कामगाराला नऊ महिन्यांनी समान वेतन द्यावं लागतं, जरी करारांमधून त्याला पळवाटा आहेत. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रम संहिता लागू झाल्या. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांपासून. लवचीकता आली. तिच्यासोबत तळाचा आधारही आत्ताच हवा, दहा वर्षांनी नको.

बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे ताशी किती मिळतात?" मला आकडा सांगता येईना. ठेकेदाराकडच्या पोरांचा हिशोब तासावर नसायचाच, हजेरीवर असायचा. बारा तास थांबलं तरी हजेरी एकच.