आमची वाटचाल: दांडिया बाजारातलं गॅरेज

बडोद्यात दांडिया बाजाराच्या एका बोळात मी आणि माझ्या आतेभावानं गॅरेज टाकलं. मी इंजिनाचा, तो वायरिंगचा. तेव्हा कामं बहुतेक मारुती ८०० ची, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची. जेट फुंकला, फ्लोट लावला, गाडी गेली. पुढची बरीच वर्षं बरी गेली.

सांगायचं आहे ते २०१९ च्या पुरानंतरचं. ३१ जुलैला आभाळ फाटलं, विश्वामित्री नदी फुगली आणि गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. महिनाभर आम्हाला जेवायला फुरसत नव्हती. पण कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी लगेच त्रास देत नाही. आधी तांब्यावर कळंक चढतो, मग कधीतरी गाडी पिकअप घ्यायची थांबते. तीही रोज नाही, मनाला येईल तेव्हा.

त्याच सुमारास मोठ्या रस्त्यावर एक चकचकीत वर्कशॉप उघडलं. आमच्याकडे शिकलेला पोरगा त्यांनी नेला. त्याला संसार आहे, त्याचा मला राग नाही. पण त्या वर्कशॉपवाल्यांनी आमच्या गिऱ्हाइकांना सांगितलं की बोळातल्यांना कॉम्प्युटर कळत नाही. हे मी विसरलेलो नाही. दीड वर्षात कामं अर्ध्यावर आली, कॉम्प्रेसर विकायला काढला. आतेभाऊ त्याच काळात गेला.

तेव्हा आले आमचे सर. युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले, एस्टीम पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. लोकांच्या सांगण्यावरून एकदाच त्या वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथे पेट्रोल पंप, प्लग, कॉइल, सगळं बदललं. गाडीच्या कॉम्प्युटरची तक्रार वाचणाऱ्या स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नव्हता. सर म्हणाले, “अरे, फत्तेगंजच्या पुलावर सेकंड गिअरमध्ये दाबली की हिसका देते, मग एकदम पळते. इथे उभी केली की शहाणी.”

आतेभावाचं व्होल्ट मोजायचं काट्याचं मीटर खिळ्यावरच होतं. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप; ती किती उघडली ते तिचा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्या सेन्सरच्या तीन वायरींपैकी सिग्नलच्या वायरला पिन टोचली. थ्रॉटल हातानं सावकाश उघडत नेला. काटा अर्ध्या व्होल्टवरून चारापर्यंत लोण्यासारखा चढला. डिजिटल मीटरचा आकडा बदलेपर्यंत फॉल्ट येऊन गेलेला असतो. काटा तिथल्या तिथे थरथरतो. पण इथे थरथरलाच नाही. मग हाताखालच्या पोराला आत बसवलं. हँडब्रेक, पायाचा ब्रेक, सेकंड गिअर, आणि क्लच जरासा सोड म्हटलं. इंजिन माउंटिंगवर झुकलं आणि काटा शून्यावर आपटला.

सेन्सर चांगला होता. कनेक्टर काढला तर एक पिन हिरवीगार, आणि वायरिंगचा जुडगा इतका ताणलेला की इंजिन हललं की पिन सुटायची. तेवढ्या क्षणात कॉम्प्युटरला वाटायचं पाय उचलला, आणि तो पेट्रोल कमी करायचा. पुलावर इंजिनावर लोड येतो, म्हणून हिसका तिथेच. नवी पिन चढवली, वायरिंग बोटभर सैल केलं. त्या वर्कशॉपनं घेतलेल्या पैशांत आमचं महिन्याचं भाडं निघालं असतं. मी पिनेचे आणि दोन तासांच्या मजुरीचे घेतले.

सरांनी ही गोष्ट सोसायटीत सांगितली. पुढच्या सहा महिन्यांत त्या सोसायटीतल्याच नऊ गाड्या आल्या. कॉम्प्रेसर राहिला.

जुनी गाडी असेल तर तीन गोष्टी ऐका. बॉनेटखाली पाण्याचा फवारा मारू देऊ नका, पुसून घ्या. टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका. आतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं. आणि पार्ट बदलला म्हणाले तर जुना पार्ट मागून घ्या, लाजू नका.

मीटरची काच गेल्या पावसाळ्यात तडकली. दुकानात नवी मिळत नाही. कोणाकडे तसलं बंद पडलेलं काट्याचं मीटर असेल तर बोळात आणून द्या, मला फक्त काच हवी आहे.